ठोसा दहा आणे, आवर वीस आणे

कल्याण-भिवंडी पट्ट्यात शिवाजी महाराजांच्या गोष्टी निघाल्या की अफझलखान, शाहिस्तेखान, आग्रा हे सगळं होतंच. पण 'ही आमच्याकडची' असं हक्कानं म्हणत सांगितली जाते ती सुभेदाराच्या सुनेची गोष्ट. १६५७ साल सरता सरता महाराजांनी कल्याण आणि भिवंडी आदिलशाहीकडून घेतली. आख्यायिका अशी, की आबाजी सोनदेवांनी लुटीसोबत कल्याणच्या सुभेदाराची देखणी सूनही महाराजांपुढे आणून उभी केली. महाराजांनी तिला आईच्या जागी मानलं, साडीचोळी देऊन सन्मानानं तिची पाठवणी केली आणि आबाजींची कानउघाडणी केली. समकालीन कागदपत्रांत हा प्रसंग सापडत नाही. पण खाफीखान हा मुघलांकडचा इतिहासकार, महाराजांविषयी एरवी जहरी लिहिणारा. त्यानंही एक गोष्ट कबूल करून ठेवली आहे: मशीद, कुराण आणि परस्त्री यांना हात लावायचा नाही, असा या माणसाचा आपल्या सैन्याला सक्त हुकूम होता.

या गोष्टीत एकही वार होत नाही. लढाई उरकलेली आहे, सगळं हातात आलेलं आहे आणि जाब विचारणारं कुणी नाही. अशा वेळी माणूस कसा वागतो? चीनमध्ये दोन हजार वर्षं लिहिल्या गेलेल्या वीरकथा याच प्रश्नाभोवती फिरतात. या कथांना तिकडे 'वूशिया' म्हणतात आणि त्यांतल्या वीराला 'शिया'. भिंतीवरून धावणं, बांबूच्या शेंड्यावर तोल सांभाळत तलवारबाजी करणं, एका बोटानं नस दाबून समोरच्याचा पुतळा करणं ही सगळी गंमत तिथं आहेच. पण ती खलनायकालाही येते, कित्येकदा नायकापेक्षा चांगली येते. मग नायक ओळखायचा कशावरून?

हजार ली, एक घोडा

आधी आपल्या सुभेदाराच्या सुनेची चिनी बहीण भेटवतो. फंग मंगलोंग या लेखकानं १६२४ साली छापलेल्या कथासंग्रहात ती आहे. झाओ क्वांगयिन नावाचा आडदांड तरुण एका मठात उतरलेला असतो. तिथं कोंडून ठेवलेली जिंगन्यांग ही मुलगी त्याला सापडते. दरोडेखोरांनी तिला पळवून आणलेलं. हा तिला सोडवतो, बहीण मानतो आणि घरी पोचवायला निघतो. अंतर हजार ली, म्हणजे सुमारे पाचशे किलोमीटर. ती घोड्यावर, हा पायी. वाटेत दरोडेखोरांचा समाचार घेतो. वाटेतच तिचं मन त्याच्यावर बसतं, ती बोलूनही दाखवते, आणि तो ठाम नकार देतो: मोबदला घ्यायचा असता तर माझ्यात आणि त्या दरोडेखोरांत फरक काय राहिला?

हाच झाओ पुढे ९६० साली सोंग घराण्याचा पहिला सम्राट झाला. तो माणूस इतिहासातला, ही गोष्ट मात्र लोकांनी त्याच्याभोवती विणलेली. राज्य मिळवणारा राजा लोकांना पुरेसा वाटत नाही, त्याच्या नावावर अशी एक गोष्ट त्यांना लागतेच. ते कल्याणला झालं, तिकडेही झालं.

पण चिनी गोष्टीचा शेवट मला मुळीच पटत नाही. मुलगी घरी पोचते, घरचे लोक दोघांच्या प्रवासाविषयी कुजबुजतात, लग्नाचा विषय काढतात. झाओ संतापून ताट उधळतो आणि निघून जातो. त्याची शुद्धता शाबूत राहते आणि त्याच रात्री ती गळफास घेते. त्याच्या नावलौकिकाची किंमत तिनं मोजायची, हा कसला न्याय? कल्याणची गोष्ट या बाबतीत फार पुढची आहे. तिथं बाई घरी परत जाते आणि जगते.

बुटका, साधा, दारू न पिणारा

वूशियाचं मूळ कादंबरीत नसून इतिहासात आहे. सिमा छ्येन हा चीनचा आद्य इतिहासकार. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं आपला प्रचंड ग्रंथ पुरा केला आणि राजे, सेनापती, मंत्री यांच्या जोडीनं एक आख्खं प्रकरण भटक्या वीरांना दिलं. हे लोक कायदा मोडतात हे त्याला मान्य होतं. पण बोलले की पाळतात, हाती घेतलं की तडीस नेतात, अडल्यानडल्यासाठी जिवाची पर्वा करत नाहीत आणि केल्याची बढाई मारत नाहीत, एवढं तरी त्यांना द्या, असं त्याचं म्हणणं.

हे त्यानं उगाच लिहिलं नाही. पराभूत सेनापती ली लिंग याची बाजू घेतल्याबद्दल सम्राट वूनं सिमा छ्येनला खच्चीकरणाची शिक्षा दिली होती. दंड भरून सुटता आलं असतं, पण घरात तेवढा पैसा नव्हता आणि दरबारातला एकही मित्र मदतीला आला नाही. अनोळखी माणसासाठी धावणाऱ्यांचं मोल त्याच्याइतकं कुणाला कळणार!

त्याच्या प्रकरणातला सगळ्यात भारी माणूस म्हणजे ग्वो श्ये. दिसायला बुटका, अगदी चारचौघांसारखा, दारूला न शिवणारा. तरुणपणी खून केलेले, थडगी फोडलेली, खोटी नाणी पाडलेली. मग वय वाढलं तसा माणूस पालटला. त्याचे तीन किस्से सांगतो. वूशियाची बीजं यांतच आहेत.

पहिला. ग्वो श्येचा भाचा मामाच्या नावावर मिजास करायचा. एकदा त्यानं एका माणसाला जबरदस्तीनं दारू पाजली. तो माणूस चिडला आणि भाच्याला ठार करून पळाला. बहिणीनं मुलाचं प्रेत रस्त्यात टाकून दिलं, भावाला लाज वाटावी म्हणून. ग्वो श्येनं खुन्याचा माग काढला. तो माणूस आपण होऊन समोर आला आणि झालं ते सांगितलं. ग्वो श्ये म्हणाला, चूक आमच्या पोराची होती. त्याला सोडून दिलं आणि भाच्याला मूठमाती दिली.

दुसरा. ग्वो श्ये रस्त्यानं निघाला की लोक बाजूला व्हायचे. एक पठ्ठ्या मात्र पाय पसरून बसून राहायचा आणि रोखून बघायचा. चेले त्याला मारायला उठले. ग्वो श्येनं त्यांना थांबवलं, माझ्याच गावात मला मान नसेल तर माझंच काही चुकत असेल म्हणाला, आणि गुपचूप अधिकाऱ्याला जाऊन भेटला: या माणसाची वेठबिगारीची पाळी आली की त्याला वगळा. पाळ्या येत गेल्या, कुणी बोलवायला येईना. पठ्ठ्यानं चौकशी केली, कारण कळलं, आणि अंगरखा खांद्यावरून उतरवून तो माफी मागायला गेला.

तिसरा माझा सर्वांत आवडता. लुओयांगमधल्या दोन घराण्यांचं हाडवैर होतं. तिथल्या दहाबारा प्रतिष्ठितांनी मध्यस्थी करून पाहिली, कुणाचं काही चालेना. मग ग्वो श्येला बोलावलं. तो रात्री गेला, दोघांना पटवलं, वैर मिटलं. निघताना म्हणाला, इथल्या मोठ्या माणसांचं तुम्ही ऐकलं नाहीत आणि माझं ऐकलंत. परगावच्या माणसानं त्यांचा मान हिरावून घेणं बरं नाही. मी गेल्यावर त्यांना पुन्हा मध्यस्थी करू द्या आणि त्यांच्या शब्दाखातर वैर मिटलं असं दाखवा. एवढं बोलून रातोरात, कुणाला दिसू न देता, तो गावाबाहेर पडला.

याचा अंत वाईट झाला. त्याच्याविषयी वाईट बोलणाऱ्या एका पंडिताचा कुणीतरी खून केला. ग्वो श्येला त्याची गंधवार्ताही नव्हती. दरबारात एका मंत्र्यानं युक्तिवाद केला, की याला पत्ता नसताना याच्या नावावर खून पडतात हे तर यानं स्वतः खून करण्यापेक्षा भयंकर. सम्राटाला पटलं आणि ग्वो श्येचं घराणंच संपवलं गेलं. हा मंत्री क्रूर असला तरी मूर्ख नव्हता. एखाद्याची दहशत आणि एखाद्याचा दरारा यांतली रेघ फार पुसट असते.

याच प्रकरणातला जू ज्याही लक्षात राहतो. डोक्यावर इनाम लागलेल्या जी बू या सेनानीला त्यानं लपवलं, त्याला माफी मिळवून दिली. जी बू पुढे मोठा अधिकारी झाला. जू ज्या त्याला आयुष्यभर पुन्हा भेटला नाही, उपकाराची आठवण नको म्हणून.

चिनी भिक्षूनं पाहिलेला मराठी माणूस

इथं एक योगायोग आहे आणि तो वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. सातव्या शतकात ह्युएन त्सांग भारतात फिरला आणि चालुक्य राजा पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातून गेला. परत गेल्यावर ६४६ साली त्याचं प्रवासवर्णन तयार झालं. त्यात आपल्या लोकांविषयी तो काय म्हणतो, त्याचा सारांश असा: माणसं साधी आणि मानी. उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत. संकटात सापडलेला कुणी दारात आला तर स्वतःचं भान विसरून त्याच्यासाठी धावतात. सूड घ्यायचाच झाला तर शत्रूला आधी कळवतात, मग दोघंही चिलखत चढवून समोरासमोर येतात. रणात पळणाऱ्याचा पाठलाग करतात, पण शरण आलेल्याला मारत नाहीत. हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा नसते, बायकांचे कपडे दिले जातात, आणि मानी माणूस मग स्वतःच मरण पत्करतो.

सिमा छ्येनची यादी आणि ही यादी शेजारी शेजारी ठेवून पाहा. अडल्यासाठी जीव ओवाळणं, शब्दाची आणि मानाची चाड, सगळं जुळतं. शिकलेल्या चिनी माणसाच्या मनात शियाची प्रतिमा लहानपणापासून रुजलेली असणार, आणि हजारो मैल चालून आल्यावर ती त्याला इथं सह्याद्रीच्या आसपास दिसली. लढाईआधी आपले वीर आणि हत्तीदेखील मद्य पिऊन झिंगायचे, हेही तो लिहितो. चिनी कादंबऱ्यांतले निम्मे नायक पट्टीचे पिणारे आहेत, तेव्हा तिथंही मेळ बसतोच.

शरणागताला न मारण्याचा दाखला भिवंडी तालुक्यातच उभा आहे. वज्रेश्वरीचं देऊळ कधी नीट बघा, किल्ल्यासारखं बांधलं आहे. वसई जिंकली तर तुझं देऊळ बांधीन, हा चिमाजी अप्पांनी बोललेला नवस असं मानतात. मे १७३९ मध्ये वसई पडली तेव्हा मराठ्यांची हजारो माणसं कामी आली होती, आणि तरीही पोर्तुगीज सैन्याला बायकामुलं आणि चीजवस्तू घेऊन, शस्त्रांसह, वाजतगाजत बाहेर पडायला आठ दिवस दिले गेले. करार लिहिला आणि पाळला. वूशियाच्या भाषेत हे शंभर नंबरी शियाचं काम.

तीस शेर मांस आणि तीन ठोसे

आता थोडं तिखट. १०८ बंडखोरांची 'शुई हू झ्वान' ही कादंबरी चीनच्या अभिजात कादंबऱ्यांपैकी एक. तिच्यातला लू झिशेन हा दांडगा सरदार एका खाणावळीत जेवत असतो. शेजारून रडण्याचा आवाज येतो. गाऊन पोट भरणारी एक मुलगी आणि तिचा म्हातारा बाप. बाजारातल्या झंग नावाच्या बड्या खाटकानं त्या मुलीला ठेवून घेतलं, मग हाकललं, आणि कधी दिलेच नव्हते ते पैसे आता परत मागतोय. लू स्वतःच्या खिशातले पैसे देऊन बापलेकीला गावाबाहेर काढतो. ती दोघं उतरली होती त्या सराईचा नोकर त्यांच्या मागावर जाऊ नये म्हणून दारात बाक टाकून बराच वेळ बसून राहतो. मग उठून खाटकाच्या दुकानात जातो.

दहा जिन (म्हणजे तिकडचे शेर) मांस दे, बारीक खिमा कर, चरबीचा कण नको. खाटीक स्वतः बसून कापतो. आता दहा जिन नुसती चरबी, बारीक खिमा, मांसाचा कण नको. तेही करतो. सकाळ सरते. आता दहा जिन कुर्च्या, तशाच बारीक. खाटीक विचारतो, थट्टा करायला आलाय का? लू म्हणतो, त्यासाठीच तर आलोय. दोन्ही पुड्या त्याच्या तोंडावर भिरकावतो आणि तीन ठोशांत त्याचा खेळ संपवतो. मारायचं त्याच्या मनात नव्हतं, धडा शिकवायचा होता. मग फरारी, आणि लपण्यासाठी भिक्षू.

बाकावर बसून राहण्याचा तो प्रसंग मला ठोशांपेक्षा मोठा वाटतो. रागानं पेटलेला माणूस आधी दुबळ्याला लांब जाऊ देतो, मगच हात उचलतो.

असे लोक आपल्याकडेही झाले आणि त्यांना पोवाड्यांनी जपलं. सावकारांच्या जाचाविरुद्ध उठलेला अकोले तालुक्यातला महादेव कोळी बंडकरी राघोजी भांगरे याला इंग्रजांनी २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. भिवंडीहून ते ठिकाण तासाभराच्या आत येतं.

हे सगळं घडतं कुठं?

ज्या जगात या कथा घडतात त्याला 'ज्यांगहू' म्हणतात: राजाच्या कायद्यापलीकडचं, रस्त्यावरचं जग. खाणावळी, धक्के, मठ, धर्मशाळा, माल पोचवणाऱ्या हत्यारबंद कंपन्या. भिवंडीकराला हे डोळ्यांपुढे आणायला नाशिक महामार्गावरची एक रात्र पुरे: मानकोलीपासून पडघ्यापर्यंत गोदामं, ढाबे, देशभरातले ट्रक, एकमेकांचं गाव माहीत नसलेली माणसं एका बाकड्यावर, आणि व्यवहार शब्दावर. ज्यांगहूत ओळखपत्र चालत नाही. तुमचा शब्द पूर्वी कधी फिरला होता का, एवढंच विचारतात.

मारामारी चार मिनिटांची, साहित्य सत्तर वर्षांचं

आधुनिक वूशिया एका खऱ्याखुऱ्या लढतीतून उसळलं. १७ जानेवारी १९५४, मकाव. ताईचीचे वू गोंगयी विरुद्ध श्वेतबक पंथाचे चान हाक-फू, मदतनिधीसाठी सामना. हाँगकाँगहून झुंडीनं लोक गेले. दुसऱ्या फेरीतच सामना थांबवला आणि निकाल काय, तर कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही, बरोबरीही नाही! पण शहरात दुसरा विषय नव्हता. 'न्यू इव्हनिंग पोस्ट'च्या संपादकांनी ही हवा ओळखली आणि तिसऱ्याच दिवशी, २० जानेवारीला, ल्यांग युशेंग यांची वीरकथा क्रमशः सुरू केली. पुढच्या वर्षी त्यांच्याच कचेरीतला एक सहकारी मैदानात उतरला. त्याचं टोपणनाव जिन योंग.

जिन योंग (१९२४-२०१८) यांनी १९५५ ते १९७२ या काळात पंधरा कथा-कादंबऱ्या लिहिल्या, रोजच्या रोज वर्तमानपत्रात. १९५९ साली 'मिंग पाओ' हे स्वतःचं दैनिक काढलं. एकीकडे अग्रलेख आणि दुसरीकडे तलवारबाजी. त्यांच्या पुस्तकांवर तैवानमध्ये १९७९ पर्यंत बंदी होती. चीनमध्येही ती उघड मिळत नव्हती. आणि १९८१ साली देंग श्याओपिंग यांनी त्यांना बीजिंगला बोलावून भेट घेतली.

आपल्याकडेही रहस्यकथा-साहसकथांचा असाच पूर आला होता. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. त्यांचे झुंजार आणि काळापहाड कायद्याच्या कुंपणाबाहेर राहून न्याय करणारे, म्हणजे शियाचे मुंबईकर चुलतभाऊच. गिरणगावातल्या वाचनालयांत त्यांच्यावर उड्या पडत. त्यांना समीक्षेनं कधी पानात बसवलं नाही ही खंत माझ्या मनात कायम आहे. चीननं जिन योंगवर विद्यापीठांत परिषदा भरवल्या.

मठ्ठ मुलगा आणि हॅममधले टोफूचे गोळे

जिन योंगचा सगळ्यात लाडका नायक ग्वो जिंग चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. त्याचे गुरू त्याला वर्षानुवर्षं शिकवतात आणि कपाळावर हात मारून घेतात. त्याच्याकडे गुण तीनच: खोटं बोलत नाही, दिलेला शब्द मोडत नाही, आणि सांगितलेलं हजार वेळा करून बघतो. नशीब एवढंच, की हुआंग रोंग नावाची चलाख, हजरजबाबी आणि सुगरण मुलगी त्याच्या प्रेमात पडते.

मग येतो होंग छीगोंग. भिकाऱ्यांच्या महासंघाचा प्रमुख, चीनच्या सर्वश्रेष्ठ योद्ध्यांपैकी एक, आणि हाडाचा खादाड. हाताला नऊच बोटं. कारण एकदा खाण्याच्या नादात उशीर झाला आणि एक महत्त्वाचं काम हातचं गेलं, म्हणून रागानं त्यानं स्वतःचंच बोट तोडलं. हावरटपणा मात्र काही सुटला नाही! हुआंग रोंग हे हेरते. त्याला चिखलात लिंपून भाजलेली कोंबडी खिलवते, मग रोज नवा पदार्थ. एका हॅमला चोवीस भोकं पाडायची, टोफूचे चोवीस गोळे कोरून त्यांत बसवायचे, वाफवायचं, आणि सगळा स्वाद टोफूत उतरला की हॅम फेकून द्यायचं. हातात घेतला तरी फुटणारा तो टोफू गोल कोरायला तिचं बोटांचं युद्धकौशल्य कामी येतं. या जेवणावळींच्या बदल्यात महिनाभरात ग्वो जिंगला ड्रॅगनला नमवणाऱ्या अठरा तळहातांपैकी पंधरा शिकायला मिळतात.

त्यातला पहिलाच डाव सगळ्या कादंबरीची किल्ली आहे. मठ्ठ मुलगा पाइनच्या झाडावर तळहात आपटत बसतो, झाड नुसतं हलतं. गुरू समजावतो: ताकद सगळी बाहेर फेकायची नाही. दहा हिस्से वार केलास तर वीस हिस्से स्वतःपाशी राखून ठेव. या डावाचं मर्म त्या राखलेल्या ताकदीत आहे. मठ्ठाला जमतं.

आणखी एक जागा. ग्वो जिंग शेवटाकडे कोसळतो. आपण शिकलेल्या विद्येनं माणसंच मेली, तर ही विद्या विसरून जावी असं त्याला वाटू लागतं. त्याच वेळी हुआ पर्वतावर एक खलनायक सगळ्यांना विचारतो, तुमच्यापैकी कुणाच्या हातून खून झालेला नाही? सगळ्यांच्या माना खाली जातात. होंग छीगोंग पुढे होतो. मी २३१ माणसं मारली, म्हणतो; प्रत्येकाची आधी खात्री करून घेतली, एकही निरपराध नव्हता. खादाड म्हातारा, पण हिशेब चोख. ग्वो जिंगला उत्तर मिळतं.

हा हिशेब आपल्याकडे पत्रांत उतरलेला आहे. १९ मे १६७३ रोजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र वाचा. गवत-दाणा जपून वापरा, रयतेला लुबाडू नका, रात्री दिवा तसाच ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल. आपल्याच सैन्याच्या हातून अन्याय होऊ नये म्हणून उंदरापर्यंत विचार करणारा राजा. याहून बारीक जोखलेली ताकद मी कुठल्या कादंबरीत वाचलेली नाही.

झटपट आणखी काही

१९२८ मध्ये शांघायला 'लाल कमळ मंदिराचं दहन' हा वीरपट निघाला आणि १९३१ पर्यंत त्याचे अठरा भाग आले. पोरं घर सोडून गुरू शोधायला डोंगरात पळतात म्हणून ओरड झाली आणि सरकारनं अशा चित्रपटांवर बंदी घातली.

वीर म्हणजे पुरुष, हे वूशियाला मान्य नाही. तांग काळातल्या कथेत होंगश्येन ही दासी एका रात्रीत सातशे ली जाऊन येते आणि शत्रू सेनापतीच्या उशाजवळची सोन्याची डबी उचलून आणते. गळा कापणं सहज शक्य होतं. दुसऱ्या दिवशी डबी साभार परत पाठवली जाते. सेनापती काय समजायचं ते समजतो आणि युद्ध टळतं.

जिन योंगच्या एका थोर कादंबरीचं नाव बौद्ध ग्रंथांतल्या आठ अमानवी जातींवरून आहे: देव, नाग, यक्ष, गंधर्व, असुर, गरुड, किन्नर, महोरग. म्हणजे सगळी मंडळी आपल्याच ओळखीची. तिचा नायक च्याओ फंग नावापुरती ओळख असलेल्या जखमी मुलीसाठी वैद्य गाठायला निघतो. वैद्य असतो नेमका त्याच्या शेकडो वैऱ्यांच्या मेळाव्यात. तरी जातो.

सगळ्यात घातक खलनायक युए बुछून. त्याची ख्याती 'सज्जन तलवारबाज' अशी! जिन योंगनीच नोंदवलं आहे, की दक्षिण व्हिएतनामच्या संसदेत सदस्य एकमेकांना 'युए बुछून' म्हणून हिणवायचे.

आणि एक माणूस गोष्टीतला नसलेला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक. युद्धात होरपळणाऱ्या अनोळखी देशात गेले, १९४० मध्ये एकदा ७२ तास सलग शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्या ग्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, तिथंच गेले. अनोळखी अडल्यासाठी धावणं ही सिमा छ्येनची अट घ्या आणि सांगा, यांना शिया म्हणायचं नाही तर कुणाला?

आणि हा बिनकामाचा

शेवटच्या कादंबरीत जिन योंगनी सगळं उलटंपालटं केलं. वेई श्याओबाओ: कुंटणखान्यात जन्मलेला, निरक्षर, जुगारी, थापाड्या, सात बायकांचा दादला, लढाईत डोळ्यांत चुना फेकणारा. कुंग फू शून्य. वाचकांनी पत्रं पाठवून विचारलं, हे तुम्हीच लिहिताय की कुणाकडून लिहून घेताय?

पण या पोराचे दोन जिवाभावाचे संबंध आहेत. एक सम्राट कांगशी, त्याचा बालमित्र. दुसरी सम्राटाला उलथायला निघालेली गुप्त संघटना, जिच्या म्होरक्याला तो गुरू मानतो. सम्राट म्हणतो, त्या बंडखोरांचा नायनाट कर. बंडखोर म्हणतात, सम्राटाला मार. दोन्हीकडून इनाम, दोन्हीकडून धमकी, आणि आयुष्यभर थापा मारत आलेला माणूस. त्याला दोघांनाही फसवणं सहज जमलं असतं. तो सातही बायका, मुलं आणि म्हाताऱ्या आईला घेऊन नाहीसा होतो. सम्राट त्याला शोधायला पुन्हा पुन्हा दक्षिणेत येतो आणि हात हलवत परत जातो.

माझ्या यादीत ग्वो जिंगच्या खालोखाल तोच आहे.